कुंदाताई फलाटावर राहिल्या

कुंदाताई गेल्याची बातमी आमच्या ग्रुपवर श्रीकांतने टाकली. ‘आपल्या सर्वांच्या लाडक्या कुंदाताई आज आपल्यात नाहीत. मराठी वर्गाचा आधारवड कोसळला.’ त्याखाली दोन ओळी त्यांच्या प्रेमळ स्वभावाबद्दल आणि शेवटी जोडलेले हात. तासाभरात पन्नासेक जणांनी हात जोडले. मी सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात होतो, मीटिंग चालू होती आणि फोन टेबलावर थरथरत होता. एकाने लिहिलं, ‘त्यांचं निर्मळ हसू कायम आठवेल.’ आठ वर्षांत मी कुंदाताईंना निर्मळ हसताना फार तर दोनदा पाहिलं असेल. त्या चिडायच्या. चिडण्यासाठीच त्या ओळखल्या जायच्या. आणि ज्या ग्रुपवर हे सगळं चाललं होतं, त्यातून त्यांना दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. काढणारा श्रीकांतच. त्या दिवशी कुणी हात जोडले नव्हते.

मी उत्तर लिहायला घेतलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. हे असलं लिहून पुसणं मला चांगलं जमतं. म्हणून आता जरा सविस्तरच लिहितो.

कुंदाताई मोहिते मूळच्या साताऱ्याकडच्या. सिंगापूरला तीस वर्षं होऊन गेली तरी त्या ‘कुठं’ आणि ‘तिथं’च म्हणायच्या. इथल्या एका प्रयोगशाळेत यंत्रं आणि सुरक्षा त्यांच्याकडे होती. डोळ्यांवर चष्मा न लावता आत शिरलेल्या मोठमोठ्या डॉक्टरेटवाल्यांना त्या दारातूनच परत पाठवायच्या म्हणे. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. निवृत्त झाल्यावर चोआ चू कांग भागात, नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या. उंच, हडकुळ्या, कानापर्यंत कापलेले पांढरे केस, भरपूर खिशांचा सुती शर्ट. राग आला की आधी चष्मा काढायच्या, त्याची घडी करून वरच्या खिशात ठेवायच्या आणि मग बोलायला लागायच्या. आवाज चढत नसे. उलट खाली जाई.

दर शनिवारी सकाळी त्यांच्या ब्लॉकखालच्या, म्हणजे इमारतीखालच्या, मोकळ्या जागेत त्या आमच्या मुलांना मराठी शिकवायच्या. नऊ ते साडेदहा. माझी मुलगी इरा तेव्हा सात वर्षांची होती. पहिल्याच शनिवारी मी तिला घ्यायला वीस मिनिटं उशिरा पोचलो. सगळी मुलं गेली होती. इरा आणि कुंदाताई समोरासमोर बसून अंताक्षरी खेळत होत्या. मी म्हटलं, “सॉरी, एक कॉल लांबला.”

कुंदाताईंनी चष्मा काढला.

“बसा,” त्या म्हणाल्या आणि मुलांची ती टीचभर प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली. “इरा वीस मिनिटं तुमच्यासाठी बसली. आता तुम्ही वीस मिनिटं तिच्यासाठी बसा. हा धडा वाचा. मोठ्यानं.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी त्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसलो आणि कोल्ह्याचा धडा वाचला. समोरून जाणाऱ्या दोन चिनी आज्या थांबून बघत होत्या. इराला इतका आनंद मी तोवर देऊ शकलो नव्हतो. त्यानंतर मी कधी उशिरा गेलो नाही.

इरा वाचताना अडखळायची. शब्दाच्या सुरुवातीलाच अडकायची, कधी कधी चांगली दहा-बारा सेकंद. शाळेत मुलं तो शब्द तिच्या आधी म्हणून टाकायची, घरी मीही तेच करायचो. कुंदाताईंच्या वर्गात एकदा एका मुलाने तसं केलं. कुंदाताई त्याला म्हणाल्या, “तो शब्द तिचा आहे. तू तुझी पाळी आली की तुझा म्हण.” मग सगळा वर्ग गप्प बसून इराच्या शब्दाची वाट बघायला लागला. हे मला इरानेच सांगितलं, तेही इंग्रजीत आणि अजिबात न अडखळता.

त्यांच्या रागाच्या पुष्कळ गोष्टी आहेत. बहुतेक आम्ही हसत हसत एकमेकांना सांगायचो, कारण तो राग दुसऱ्या कुणावर तरी असायचा. एकदा आम्ही आठ-दहा जण हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मोठ्या आवारात, जेवायला गेलो होतो. पुण्याहून नवीन आलेला एक इंजिनिअर सोबत होता. टेबलं पुसणारे म्हातारे चिनी अंकल लांब होते. त्यांना बोलावायला ह्याने चुटकी वाजवली. कुंदाताई समोरच बसल्या होत्या.

“कुत्रं बोलावताय का?” त्यांनी विचारलं.

पोरगा गांगरला. कुंदाताई उठल्या, त्या अंकलकडून फडकं मागून आणलं आणि ह्याच्या हातात दिलं. त्याने टेबल पुसलं. ते अंकल बिचारे अवघडून म्हणाले, “नेव्हर माइंड लाह, आंटी.” त्यावर कुंदाताई त्यांच्याकडे वळल्या आणि त्याच खालच्या आवाजात म्हणाल्या, “व्हाय नेव्हर माइंड?”

अंकल फडकं परत घेऊन पुढच्या टेबलाकडे गेले. आम्ही पुढे महिनाभर ते ‘व्हाय नेव्हर माइंड’ विनोद म्हणून वापरलं. आमच्या लेखी तो विनोद होता.

आता श्रीकांत. तो एका बँकेत वरच्या हुद्द्यावर आहे. माणूस दिलदार, दिसायला छान, गाणं बरं म्हणतो. नवीन येणाऱ्याला फ्लॅट शोधून देतो, मुलांच्या शाळेचे अर्ज समजावून सांगतो. माझी कंपनी त्याच्या बँकेचं काम करते आणि ते काम माझ्याकडे आलं ते त्याच्या शब्दामुळे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं, म्हणजे जे केलं नाही, त्याचं कारण शोधायला फार लांब जायला नको.

त्याची बायको वैशाली. नागपूरला ज्युनियर कॉलेजात अकरा वर्षं फिजिक्स शिकवत होती. इथे ती नवऱ्याच्या पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर आली आणि घरी बसली. श्रीकांतला चारचौघांत तिच्यावर विनोद करायची सवय होती. ती बोलायला लागली की तो म्हणायचा, “थांबा, आता प्राध्यापकबाईंचं व्याख्यान.” ती चूक दुरुस्त करायला गेली की, “हिला विचारू नका, हिला उजवं-डावं कळत नाही.” आम्ही हसायचो. वैशालीही हसायची. आमच्या हसण्यावर कुंदाताई कधी काही बोलल्या नाहीत, फक्त आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायच्या.

जपानची सहल श्रीकांतनेच आखली. मी, माझी बायको स्मिता, श्रीकांत, वैशाली आणि कुंदाताई. इरा आजीकडे नाशिकला होती. कुंदाताईंना न्यायचं कारण त्यांना जपानी येत होतं. प्रयोगशाळेतली यंत्रं जपानी होती, दुरुस्तीला येणारे इंजिनिअर जपानी होते आणि ते आपसात काय बोलतात हे कळलंच पाहिजे म्हणून ह्या बाई पन्नाशीत ती भाषा शिकल्या होत्या.

तोक्योत चार दिवस छान गेले. म्हणजे तेव्हा छान वाटले. देवळं, बागा, उंच मनोऱ्यावरून दिसणारं शहर. श्रीकांतच्या हातात छापील तक्ता होता आणि दिवसातली पाच ठिकाणं झाली की तो त्यावर खुणा करायचा. वैशालीला क्योतोजवळच्या उजी नावाच्या लहान गावी जायचं होतं. तिथे नदी आहे, चहाचे मळे आहेत, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. श्रीकांत म्हणाला, “चहा प्यायला जपानला आलो का आपण?” ते गाव तक्त्यातून गेलं.

आणखी एक गोष्ट होती, ती आम्हा सगळ्यांना दिसत होती. वैशालीच्या फोनला जपानात नेट नव्हतं. आम्ही सगळ्यांनी विमानतळावर घेतलं, श्रीकांतने तिच्यासाठी घेतलं नाही. “तुला कशाला? मी आहे ना.” तिचा पासपोर्ट त्याच्या कमरेच्या पाकिटात. तिची रेल्वेची तिकिटंसुद्धा तिथेच. फलाटावर शिरताना तो तिच्या हातात तिकीट द्यायचा आणि आत गेलं की लहान मुलाकडून घ्यावं तसं परत घ्यायचा. दुसऱ्या दिवशी कुंदाताईंनी विचारलं, “तिचं तिकीट तिच्याकडं का नसतं?”

“हरवेल ती,” श्रीकांत म्हणाला. “तिकीट आणि ती, दोन्ही.”

आम्ही हसलो.

मग क्योतो झालं, आणि क्योतोहून आम्हाला फुकुओकाला जायचं होतं. तिथून परतीचं विमान होतं. सकाळची वेळ, शिंकान्सेन या वेगवान गाडीचा फलाट. गाडी यायला दहा मिनिटं होती तेव्हा वैशाली स्वच्छतागृह शोधायला खाली गेली. पाच मिनिटं झाली, आठ झाली. श्रीकांत जिन्याकडे बघत होता, पण गेला नाही. तेवढ्यात गाडी आली. ती गाडी तिथे जेमतेम मिनिट-दीड मिनिट थांबते.

स्मिता म्हणाली, “अहो, वैशाली आली नाही.”

“चढा तुम्ही, चढा,” श्रीकांत म्हणाला. “बॅगा घ्या आत. येईल ती मागच्या गाडीने. एकदा चांगला धडा मिळू दे.”

मी बॅगा आत ओढल्या. माझ्या, स्मिताच्या, कुंदाताईंचीसुद्धा. हे मी माझ्या हातांनी केलं. दारातून वळून बघतो तर कुंदाताई फलाटावरच होत्या. मी म्हटलं, “ताई, चला, दार बंद होतंय.”

त्या म्हणाल्या, “तिच्याकडं फोन नाही, पासपोर्ट नाही, तिकीट नाही. मागच्या गाडीनं ती कशी येणार, महेश?”

मी दारातच उभा राहिलो. त्यांनी पुढे होऊन मला खाली ओढलं नाही, विनवलं नाही. उत्तराची वाट बघितली आणि ते येत नाही म्हटल्यावर पाठ फिरवून जिन्याकडे निघाल्या. दार बंद झालं. काचेतून त्यांचे पांढरे केस माणसांमध्ये दिसले आणि मग दिसले नाहीत.

पुढचे पावणेतीन तास मी श्रीकांतच्या शेजारी बसून होतो. त्याने डबा उघडून खाल्ला, फोटो चाळले. एकदा म्हणाला, “ह्या कुंदाताई म्हणजे ना, घरसंसार नसला की माणूस दुसऱ्याच्यात असं नाक खुपसतं.” मी खिडकीबाहेर बघितलं. स्मिता उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली. निदान तेवढं तरी तिने केलं. मी तेवढंही केलं नाही. आज ती सीट, ती गाडी, तो डबा आठवला की मला श्रीकांतचा जेवढा राग येतो त्याहून जास्त माझा येतो, आणि तो यायलाच हवा.

तासाभराने कुंदाताईंचा मेसेज आला, स्मिताच्या फोनवर. ‘वैशाली सापडली. संध्याकाळी पोचतो.’ बस, एवढंच.

वैशालीने नंतर स्मिताला सगळं सांगितलं. ती वर येताना चुकीचा जिना चढली होती आणि उलट दिशेच्या फलाटावर उभी होती. समोरच्या फलाटावरून आमची गाडी सुटताना तिने पाहिली. खिडकीतला श्रीकांतही तिला दिसला. मग ती तिथेच भिंतीला टेकून बसली, कारण कुणाला काय विचारायचं हेच तिला सुचेना. कुंदाताईंनी स्टेशनातल्या माणसांना जपानीतून कामाला लावलं आणि अर्ध्या तासाने तिला शोधून काढलं. समोर आल्यावर पहिलं वाक्य होतं, “ऊठ. रडायचं असेल तर चालता चालता रड.” आणि दुसरं, “उजीची गाडी कुठून सुटते, ते तू शोध. मी सांगणार नाही.”

वैशालीने शोधलं. यंत्रातून तिकीट तिने काढलं आणि ते दिवसभर स्वतःच्या मुठीत धरून ठेवलं. उजीला जाऊन त्या दोघी नदीकाठी बसल्या, चहा प्यायल्या. कुंदाताई तिथे तिला श्रीकांतबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी तिला विचारलं की प्रकाश आधी कण म्हणून शिकवायचा की लाट म्हणून, आणि वैशालीने तासभर समजावून सांगितलं. मध्ये कुंदाताईंनी तिला दोनदा अडवलं आणि एकदा हुज्जत घातली. वैशाली म्हणाली, “सात वर्षांत माझ्याशी कुणी हुज्जत घातली नव्हती.”

संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या फुकुओकाच्या हॉटेलात आल्या. आम्ही खालीच बसलो होतो. कुंदाताई सरळ श्रीकांतसमोर येऊन उभ्या राहिल्या. चष्मा खिशात गेला.

“तिचा पासपोर्ट द्या.”

“कुंदाताई, दमला असाल. आधी चहा घ्या.”

“पासपोर्ट.”

श्रीकांत हसला, आमच्याकडे बघून. “हा आमच्या घरातला प्रश्न आहे.”

“घरातला प्रश्न तुम्ही फलाटावर सोडून आलात. मी तिथून उचलून आणलाय.”

काउंटरवरची मुलगी घाबरून दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला आत गेली. श्रीकांतचा चेहरा बदलला. तो म्हणाला, “तुम्ही कोण मला विचारणाऱ्या?” आणि कुंदाताई काही बोलणार, तेवढ्यात वैशाली पुढे आली. तिने हात पुढे केला. “द्या,” ती म्हणाली. मी तिचा तो आवाज आधी ऐकला नव्हता. वर्गात तो ऐकू येत असावा, मागच्या बाकापर्यंत.

त्याने पासपोर्ट काढून टेबलावर टाकला. वैशालीने तो उचलला आणि लिफ्टकडे गेली.

मग कुंदाताई माझ्याकडे वळल्या. “त्यांचं सोडा,” त्या म्हणाल्या. “ते तसेच आहेत, हे मला माहीत होतं. तुम्ही आत बॅगा कशाला ओढल्या?”

मी म्हणालो, “ताई, एवढा वेळच नव्हता विचार करायला.”

“मला तरी कुठं होता?” त्या म्हणाल्या.

सिंगापूरला परतल्यावर चार महिन्यांत वैशालीने एका शाळेत नोकरी मिळवली, फिजिक्सच्या प्रयोगशाळेत. स्वतःचा पास झाला. मग एक दिवस दोन सुटकेस घेऊन ती कुंदाताईंच्या दुसऱ्या खोलीत राहायला गेली. त्याच आठवड्यात श्रीकांतने कुंदाताईंना ग्रुपमधून काढलं आणि आमच्या सुसंस्कृत समाजाला तोंड फुटलं. कुंदाताईंनी घर फोडलं. लग्न न झालेल्या बाईला संसार काय कळणार. अशा बाईकडे मुलं पाठवायची का. ज्या बायका त्यांच्याकडून मुलांचे उच्चार सुधारून घेत होत्या, त्याच हे बोलत होत्या. श्रीकांतने बायकोला परक्या देशात, परक्या स्टेशनात सोडलं होतं, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. त्याबद्दल म्हणायचे, “हो, ते जरा चुकलंच त्याचं.” जरा.

इथल्या मराठी मंडळाच्या समितीची बैठक झाली. मीही समितीत होतो. शनिवारचा वर्ग ‘नव्या पद्धतीने’ दुसरीकडे भरवावा असा ठराव आला. कारण कुणीच विचारलं नाही; ते सगळ्यांना ठाऊकच होतं. मी विरोधात हात वर केला नाही. बाजूनेही केला नाही. तटस्थ राहिलो आणि ते मला त्या वेळी शहाणपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुंदाताईंचा फोन आला. “एकच विचारायचंय. तुम्ही हात वर केलात का?”

“नाही केला. म्हणजे कुणाच्याच बाजूनं नाही.”

त्या म्हणाल्या, “तुमच्या पोरीला शब्द उच्चारायला बारा सेकंद लागायची. पण ती उच्चारायची.” आणि फोन ठेवला.

एकोणीस मुलांचा वर्ग तीन मुलांचा झाला. कुंदाताईंनी तो त्याच जागी, त्याच वेळी चालू ठेवला. त्या तिघांत इरा होती, आणि हे श्रेय माझं नाही. स्मिता तिला घेऊन जायची. मी जाणं टाळायचो. इराने एकदा विचारलं, “बाबा, व्हाय यू नेव्हर कम?” मी म्हटलं, काम असतं. मुलीशी खोटं बोलणं किती सोपं असतं.

ग्रुपवर आलेलं ते ‘निर्मळ हसू’ वाचलं तेव्हा हे सगळं एकदम वर आलं. कुंदाताई दुपारी झोपेतच गेल्या. वैशाली शाळेतून आली तेव्हा तिला कळलं. अंत्यदर्शनाला आम्ही मराठी लोक मोजून सहा होतो. बाकी त्यांच्या ब्लॉकमधले शेजारी होते, प्रयोगशाळेतले जुने लोक होते, आणि यंत्रं दुरुस्त करायला येणाऱ्यांपैकी एक जपानी गृहस्थ मुद्दाम जपानहून आले होते. श्रीकांत आला नाही. त्याने मेसेज लिहिला. मी त्याखाली लिहायचं ठरवलंय, आणि हेच सगळं तिथे टाकणार आहे. कंपनीचं काम जायचं असेल तर जाऊ दे. दोन वर्षं उशीर झालाय, हे मला माहीत आहे.

मी त्यांना चालतं-बोलतं शेवटचं पाहिलं ते चारेक महिन्यांपूर्वी, ईस्ट कोस्टला, एका रविवारी सकाळी. मी एकटाच समुद्राकाठच्या रस्त्यावरून चालत होतो. पुढे सायकलींच्या वाटेवर काहीतरी गोंधळ दिसला. वैशाली भाड्याच्या सायकलवर बसली होती, हेल्मेट तिरकं झालेलं, हँडल दोन्ही बाजूंना लटपटत होतं. मागे सीटला धरून कुंदाताई पळत होत्या. सहासष्ट वर्षांच्या बाई, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, धापा टाकत आणि मोठ्याने रागावत: “पायाकडं काय बघतेस? पुढं बघ. पाय आपले आपण चालतात.” वैशाली ओरडून काहीतरी उत्तर देत होती. दोघी भांडत होत्या आणि भांडता भांडता सायकल सरळ चालायला लागली होती.

मी वाटेच्या मधोमध उभा होतो. मला वाटलं हाक मारावी, निदान नमस्कार करावा, काहीतरी बोलावं. त्या जवळ आल्या. मी “ताई” म्हणालो. कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. ओळख होती, राग नव्हता, थांबायला वेळही नव्हता.

“बाजूला व्हा, महेश,” त्या पळता पळता म्हणाल्या. “हिला अजून ब्रेक लावता येत नाही.”

मी गवतावर उतरलो. सायकल माझ्या अंगावरून वारा घालत पुढे गेली. थोड्या अंतरावर कुंदाताईंनी सीटवरचा हात काढला, कमरेवर ठेवला आणि तशाच उभ्या राहून जाणाऱ्या वैशालीकडे बघत राहिल्या.